नव्या परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये जुन्या गाडीचे पार्ट घालणं ही फसवणूक नाही का?

'फसवणूक' वाचलं आणि माझा मेव्हणाच डोळ्यांसमोर आला.

मी सेकंडहँड टू-सीटर कूपे घेतली, त्या दिवशी तो शेजारी बसला, काचेचं बटण खालीवर केलं आणि म्हणाला, "दाजी, हे तर माझ्या हॅचबॅकचं!" मग एसीचे नॉब, वायपरची दांडी, दाराची आतली कडी, एकेक वस्तू ओळखून दाखवली. पुढची दोन वर्षं घरात चार माणसं जमली की हाच विषय. एका पावसाळ्यात ते बटण गेलं. भंगारातल्या हॅचबॅकचं काढून आणलं, जुनं उचकटलं, कनेक्टर खटकन बसला, पाच मिनिटांत काच वर. त्याच सुमारास मागचा डावा दिवा फुटला. तो फक्त ह्याच गाडीला येणारा. चार महिने लाल टेप चिकटवून फिरलो. 'खास' पार्टचं कौतुक तेव्हाच संपलं.

अहो, स्पोर्ट्स कार खपतात किती? प्रत्येक बटणासाठी वेगळा साचा करायचा तर गाडी परवडणारी राहील का? निस्सानच्या नव्या झेड ह्या स्पोर्ट्स कारचा चॅसी कोडच (सांगाड्याचा कंपनीतला क्रमांक) आरझेड३४, म्हणजे पाया आधीच्या ३७०झेडच्या झेड३४चा. इंजिन इन्फिनिटी ह्या निस्सानच्याच महागड्या ब्रँडच्या क्यू६०मधलं ३ लिटर ट्विन टर्बो व्ही६. १९८९च्या माझदा एमएक्स-५चं १.६ लिटर इंजिनही ३२३ ह्या घरगुती गाडीच्या घराण्यातलं. पण ते लांबीत बसवलं, ताकद मागच्या चाकांना दिली आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरखाली दोन दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन. वाचवलेला पैसा कुठे घातला ते बघा, बटणं काय मोजता!

मेव्हणा पोर्शचा भक्त आहे. १९९६च्या स्वस्तातल्या बॉक्सस्टरची दारं आणि हेडलाइट पुढच्या वर्षी आलेल्या महागड्या ९११लाही होते, हे सांगितलं की विषय बदलतो.

हां, ब्रेक आणि रेडिएटर कमी ताकदीच्या गाडीचे तसेच उचलले असतील तर ती शुद्ध चिंधीगिरी. टेस्ट ड्राइव्हला चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारा, पेडल मऊ पडलं तर गाडी सोडा.

मध्यंतरी मेव्हण्याच्या हॅचबॅकचं तेच बटण गेलं. भंगारातून मी दोन आणली होती. एक अजून खणात आहे.