वयस्कर आई-वडिलांना फोन आणि मेसेजवरच्या फसवणुकीपासून कसं वाचवावं?

फसवणुकीच्या युक्त्या पाठ करून घेऊ नका, त्या रोज बदलतात. बदलत नाही ती घाई आणि "घरी कोणाला सांगू नका" ही ताकीद. ती ऐकली की फोन ठेवायचा. यात उद्धटपणा नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा. समोरच्याचं बोलणं तोडणं अनेकांना जड जातं. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं तरी ते खोटं असू शकतं, नातवाचा आवाजही एआयने हुबेहूब काढता येतो. म्हणून कार्डामागे छापलेल्या किंवा नातवाच्या नेहमीच्या नंबरवर आपणच फोन करायचा. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. आणि फसलेच तर रागावू नका, लगेच बँकेला कळवा. रागाच्या भीतीने ते लपवतात आणि पैसे अडवायची वेळ निघून जाते.