कांद्याचं सोडा, कॅप्सूलचं बोला

प्रश्न : मॅडम, मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली. सूनबाईची पाळी पुढेमागे होते. डॉक्टरीणबाईंनी पीसीओडी, म्हणजे अंडाशयात गाठी, आहे म्हणून सांगितलं. कुणीतरी सुचवलं म्हणून ती कॉलेज रोडवरच्या दुकानातून क्वेर्सेटिनच्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घेऊन आली. कांद्यातलंच द्रव्य आहे, काही होत नाही, असं म्हणून रोज एक घेते. आता आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आलाय की या द्रव्याने उंदरांच्या गर्भाशयावर आणि अंडाशयावर परिणाम दिसला. आमची कांद्याची चाळ आहे, कांद्याशिवाय पान वाढलं जात नाही. सुनेचा कांदा बंद करू का?
— एक सासूबाई, निफाड तालुका

उत्तर : मुळीच बंद करू नका. रोजच्या कांद्याने गर्भाशयं बिघडत असती तर लासलगाव-निफाडच्या पट्ट्यात एक पाळणा हलला नसता. पत्रात तुम्ही चाळीबद्दल, जेवणाबद्दल सविस्तर लिहिलंय आणि कॅप्सूलचा विषय एका ओळीत उरकलाय. मला बोलायचंय ते त्या कॅप्सूलबद्दल.

क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड गटातलं द्रव्य. वनस्पतींमध्ये असे हजारो पदार्थ आहेत. यांतल्या काहींची रचना बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेनशी थोडी जुळते, त्यामुळे इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसतं त्या जागी तेही जाऊन बसू शकतात. सोयाबीनमधलं जेनिस्टीन बऱ्यापैकी बसतं, क्वेर्सेटिन अगदी कमजोर. एवढ्या साधर्म्यामुळे संशोधक त्यांना उंदरांच्या जननेंद्रियांवर तपासून पाहतात.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात फार्माकोलॉजी शिकवत असे आणि प्राणीगृह माझ्याकडे होतं, म्हणून ‘परिणाम दिसला’ म्हणजे नेमकं काय दिसतं ते सांगते. विस्टर जातीची पांढरी उंदरीण घेतात. तिची अंडाशयं काढून टाकतात, म्हणजे तिचं स्वतःचं इस्ट्रोजेन थांबतं. काही दिवसांत तिचं दोन शिंगांचं गर्भाशय आक्रसून शिवणाच्या दोऱ्यासारखं बारीक होतं. मग काही दिवस तपासायचं द्रव्य देतात. शेवटी गर्भाशय बाहेर काढून त्यावरची चरबी बारीक चिमट्याने सोडवतात, आधी आतल्या पाण्यासकट वजन घेतात, नंतर कापून फिल्टर पेपरवर टिपून पुन्हा घेतात. इस्ट्रोजेनसारखं काही दिलं असेल तर तोच दोरा फुगून पाण्याने टचटचीत होतो. चरबीचा एक कण राहिला तरी आकडा चुकतो, म्हणून मुलांना मी तिथे घाई करू देत नसे. या चाचणीची ठरलेली पद्धत आहे, 2007 पासून ती आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहे. तेव्हा गर्भाशयाचं वजन वाढलं याचा अर्थ गर्भाशय खराब झालं असा नाही. द्रव्य इस्ट्रोजेनसारखं वागलं, एवढंच ते वजन सांगतं.

आता सुनेने कुठेतरी वाचलं असेल की क्वेर्सेटिनने पीसीओडी बरा होतो. तेही उंदरांवरूनच आलंय. उंदरिणीला आपोआप पीसीओडी होत नाही, तो घडवावा लागतो. बहुतेक ठिकाणी लेट्रोझोल नावाचं औषध रोज, साधारण तीन आठवडे पाजतात. त्याने इस्ट्रोजेन तयार होणं अडतं, पुरुषी संप्रेरक साचतं आणि अंडाशयात गाठी धरतात. उंदरिणीचं चक्र चार-पाच दिवसांचं. रोज सकाळी ड्रॉपरने थोडं सलाइन योनीत सोडून परत ओढायचं, थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून ती चक्रात कुठे आहे ते वहीत लिहायचं. लेट्रोझोल दिलेल्या उंदरिणीचं चक्र अडकून पडतं. अशा उंदरिणींना क्वेर्सेटिन दिल्यावर गाठी कमी झाल्या, चक्र पुन्हा फिरू लागलं, असे निष्कर्ष एकाहून अधिक प्रयोगांत आलेत.

गंमत अशी की हेच लेट्रोझोल नाशिकमधले स्त्रीरोगतज्ज्ञ पीसीओडी असलेल्या बायकांना बीज फुटावं म्हणून देतात, पाळीच्या सुरुवातीला फक्त पाच दिवस. रोज तीन आठवडे दिलं की उंदरिणीत रोग तयार होतो आणि पाच दिवस दिलं की बाईला दिवस जायला मदत होते! म्हणून मेसेजमध्ये ‘किती’ आणि ‘किती दिवस’ हे लिहिलेलं नसेल तर तो मी पुढे वाचतही नाही.

तर आता ‘किती’ बघू. अशा प्रयोगांत उंदराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस. उंदराचा देह लहान आणि पचवण्याचा वेग जास्त, म्हणून माणसाचा डोस काढताना त्याच्या आकड्याला साधारण 6 ने भागतात. आले किलोमागे 8 मिलिग्रॅम. सूनबाई 60 किलोची धरली तर दिवसाला 480. कांद्यात क्वेर्सेटिन 100 ग्रॅममागे 20 ते 40 मिलिग्रॅम, जातीप्रमाणे कमीजास्त. लाल कांद्यात बऱ्यापैकी. मधला आकडा 30 धरा. 480 मिलिग्रॅम पोटात जायला रोज दीड किलोच्या वर कांदा खावा लागेल. सूनबाईची एक कॅप्सूल किती मिलिग्रॅमची? 500.

म्हणजे कांदा खाणारी सून प्रयोगातल्या उंदरिणीच्या जवळपासही नाही, आणि कॅप्सूल घेणारी थेट तिच्या पिंजऱ्यात जाऊन बसलीय. ‘कांद्यातलंच आहे’ हे वाक्य इथे कामाचं नाही. अफूही झाडातच असते.

शिवाय प्रयोगांचे निकाल एका दिशेने नाहीत. आधी विष देऊन किंवा आजार घडवून मग क्वेर्सेटिन दिलं तर बहुधा फायदा दिसतो. धडधाकट जनावराला मोठा डोस दिला तर उलटंही दिसतं, कारण हे द्रव्य पेशीतल्या इतर घटकांना वाचवताना स्वतः बदलतं आणि ते बदललेलं रूप पेशीतला संरक्षक साठा खातं. नर-मादीचाही फरक पडतो. अमेरिकेत 1992 साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात खाद्यातून भरमसाट क्वेर्सेटिन दिलेल्या नर उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी वाढल्या, माद्यांच्या नाही. माणसाला त्यामुळे कॅन्सर होतो असं यातून ठरलं नाही. 1999 मध्ये कर्करोगाच्या जागतिक संस्थेनेही त्याला वर्गवारी ठरवता न येणाऱ्या गटातच ठेवलं.

माझं मत विचाराल तर सूनबाईने कॅप्सूलची बाटली पर्समध्ये टाकून डॉक्टरीणबाईंकडे न्यावी आणि टेबलावर ठेवावी. आपल्या बायका अशा गोष्टी डॉक्टरांना ‘औषध’ म्हणून सांगतच नाहीत. बाळासाठी प्रयत्न चालू असताना डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नये, कारण दिवस राहिल्यावर पहिले काही आठवडे कळतही नाहीत आणि गर्भारपणात एवढा डोस सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही. वजन, झोप, साखर यांच्याकडे लक्ष द्यावं आणि लेट्रोझोल द्यायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्यावं.

जाता जाता, कांदा सोलताना वाळलेल्या टरफलाबरोबर दोन ओले पापुद्रे काढून फेकायची सवय असेल तर ती मोडा. क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांतच जास्त असतं. उकळल्यावर ते पाण्यात उतरतं, पण रस्सा आपण कुठे टाकतो? आणि सासूबाई, पुढच्या भेटीला मुलालाही बरोबर पाठवा. त्याची तपासणी झाल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.

प्रश्न : ताई, मी चांदवडचा शेतकरी, वय 31. वीर्याच्या तपासणीत शुक्राणू कमी आले. पारावर सगळे म्हणतात पांढरा कांदा मधात घालून खा, 15 दिवसांत फरक पडतो. उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे. खरं का?

उत्तर : दादा, कांद्याचा रस पाजलेल्या नर उंदरांचे शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे प्रयोग आहेत. पारावरच्या मंडळींनी हवेतून काढलेलं नाही. कारणही समजण्यासारखं आहे. शुक्राणूच्या आवरणात लवकर खवट होणारी चरबी जास्त असते आणि फ्लेव्होनॉइड ते खवटणं रोखतात. म्हणून कॅडमियमसारखं विष दिलेल्या उंदरांत क्वेर्सेटिनचा फायदा ठळक दिसतो.

पण 15 दिवसांचं गणित जमत नाही. उंदराच्या वृषणात एक शुक्राणू घडायला सुमारे 50 दिवस लागतात, माणसाला 74, आणि पुढे बाहेरच्या नळीत पक्व व्हायला आणखी काही दिवस. आज तुम्ही काहीही बदललं तरी रिपोर्टमध्ये दिसायला तीन महिने जातात. पंधरवड्यात आकडा वाढला तर तो कांद्याने नाही. एकाच माणसाचे दोन रिपोर्टही सारखे येत नाहीत. म्हणून आधी दुसरा नमुना द्या, दोन ते सात दिवसांचा संयम पाळून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख आहे. तुमचा आकडा तुम्ही लिहिला नाहीत.

आणि एक विचारते, राग मानू नका. फवारणी करताना तोंडाला फडकं बांधता की नुसताच पंप पाठीला लावता? तंबाखू आहे का? ज्या विषांपासून उंदराला वाचवून दाखवतात तसलीच विषं आपण एका हाताने घ्यायची आणि दुसऱ्या हाताने मधातला कांदा, याला अर्थ नाही. फवारणीला हातमोजे आणि मास्क, घरी आल्यावर आधी अंघोळ, तंबाखू बंद, आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडून वृषणाजवळच्या शिरा फुगल्यात का ते बघून घ्या. तो दोष बऱ्याच पुरुषांत सापडतो आणि त्यावर इलाज आहे. कांदा आवडतो म्हणून खा.

प्रश्न : सिडकोत राहते. बाळ दोन महिन्यांचं आहे, दूध पुरत नाही असं वाटतं. शेजारच्या काकू सोयाची पावडर द्या म्हणतात. पण सोयामुळे मुलींचं गर्भाशय बिघडतं असं ऐकलं. मुलगीच आहे माझी.

उत्तर : ही भीती अमेरिकेतल्या संशोधक रेथा न्यूबोल्ड यांच्या गटाच्या कामातून आली आहे. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या छोट्या उंदरांना, ज्यांना आम्ही माईस म्हणतो, पहिले पाच दिवस सोयातल्या जेनिस्टीनची इंजेक्शनं दिली, दर किलोला 50 मिलिग्रॅम. 2001 च्या त्यांच्या अहवालात 18 महिन्यांच्या वयाला यांतल्या 35 टक्के माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर दिसला. पुढच्या कामात अंडाशयाच्या एकेका पुटिकेत, म्हणजे बीजांडाच्या पिशवीत, दोन-दोन, तीन-तीन बीजांडं आढळली. काम उत्तम आहे. फक्त त्या पिल्लांना सुईने कातडीखाली दिलं होतं आणि तुमच्या बाळाच्या ते पोटातून जाणार. आतडं आणि यकृत मिळून त्यातलं बहुतेक बांधून निकामी करतात.

तरीही मी ‘काही होत नाही’ म्हणणार नाही. निव्वळ सोया पावडरवर वाढणाऱ्या बाळाच्या पोटात दर किलोला रोज 6 ते 11 मिलिग्रॅम अशी द्रव्यं जातात, आणि टोफू खाणाऱ्या जपानी माणसापेक्षा ते कितीतरी जास्त आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने 2010 मध्ये सगळं तपासून ‘अत्यल्प चिंता’ असा शेरा दिला. गॅलॅक्टोसेमियासारखा, म्हणजे दुधातली साखर शरीराला चालत नाही असा, आजार असेल तर डॉक्टर स्वतःच सोया सांगतात. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही.

दूध पुरत नाही ‘असं वाटतं’, हे तुमचे शब्द. बाळ दिवसात सहा-सात वेळा शू करतंय का आणि वजन वाढतंय का, एवढं आधी बघा. जवळच्या अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात वजनकाटा आहे, मुलीचं कार्ड घेऊन उद्याच जा. वजन वाढत असेल तर काकूंना चहा पाजा आणि पावडर आणू नका. वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवा. पुष्कळदा बाळाची पकड तेवढी सुधारावी लागते.