आधी आवाज ऐका, बॅटरीचं नंतर बघू

प्रश्न : चार वर्षांची पेट्रोल गाडी आहे. सकाळी किल्ली फिरवली की नुसती टिकटिक होते, पण डॅशबोर्डचे दिवे नीट लागतात. गॅरेजवाले म्हणतात बॅटरी बदला. दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दिव्यांवरून काहीच कळत नाही. त्यांना दोन-चार अँपिअर पुरतात, इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला शंभराच्या वर लागतात. पण टिकटिक झाली म्हणजे बॅटरी गेलीच, असंही नाही. टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीच्या खुंट्यांवर, पांढरी-हिरवी भुकटी साचून सांध्यात ०.०५ ओहमचा अडथळा आला, तरी १०० अँपिअरला ५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. उरलेल्या व्होल्टेजवर सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढलं जातं, सुटतं, पुन्हा ओढलं जातं. तीच टिकटिक. (एकदाच मोठा ‘टक्’ होऊन सगळं शांत झालं, तर संशय स्टार्टरवर घ्यावा.)

साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर १२.६ दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली रिकामी. मग दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी उतरली आहे किंवा संपली आहे. चार्ज करून पुन्हा मोजा. १० च्या वर टिकला आणि तरीही स्टार्टर फिरला नाही, तर बॅटरीचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. आता मीटरचं एक टोक खुंटीवर, दुसरं तिच्यावरच्या क्लॅम्पवर (वायरच्या पकडीवर) धरून किल्ली फिरवायला सांगा. तिथे जवळपास शून्य हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष सांध्यात. वजा खुंटी आणि इंजिनच्या धातूमध्येही असंच मोजा, म्हणजे अर्थिंगच्या (बॅटरीची वजा बाजू इंजिनला जोडणाऱ्या) वायरचा दोषही पकडता येतो. हे मोजमाप फार कमी ठिकाणी केलं जातं, आणि चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

साफसफाईला बहुतेक गाड्यांत १० चा पान्हा लागतो. आधी वजा काढा, मग अधिक. उलट केलं आणि पान्हा बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून भुकटी धुवा, पॉलिश पेपरने शिसं चकचकीत करा. जोडताना आधी अधिक, मग वजा. घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीन. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवू नका, खुंटी आतून तडकते.

गाडी सुरू झाली की हेडलाइट लावून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ ठीक. १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा बेल्ट तपासा, नाहीतर नवी बॅटरीही महिन्यात झोपेल.

प्रश्न : सीएनजी गाडी. स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. पेट्रोल कायम रिझर्व्हलाच असतं. – एक वाचक, पुणे

उत्तर : प्रश्नातच उत्तर आहे. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली की तो जळतो. किल्ली ‘ऑन’वर करून मागच्या सीटजवळ कान द्या. दोनेक सेकंद घुर्र आवाज यायला हवा. नाही आला तर आधी पंपाचा फ्यूज तपासा, मग रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच). त्याच नंबरचा दुसरा रिले (बहुधा हॉर्नचा) तात्पुरता लावून बघता येतो.

पंप चालतो आणि पेट्रोलचा वास येतो, म्हणजे इंजिन ‘ओव्हर’ झालं असेल, आत जास्त पेट्रोल साचलं असेल. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाचेक सेकंद सेल्फ मारा (स्टार्टर फिरवा); बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्या वेळी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद राहतात. एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. वासही नसेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का बघा. सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे झिजलेले प्लग आधी इथेच नडतात.

यापुढे पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून थोडे किलोमीटर त्यावर चालवा. आणखी एक : अनेक कंपनी-फिटेड गाड्यांत गॅस भरायच्या झाकणाला मायक्रोस्विच (छोटा सुरक्षा स्विच) असतो. झाकण नीट बसलं नाही तर गाडी सुरूच होत नाही.

प्रश्न : जंपर केबलची काळी वायर नेमकी कुठे लावायची? धक्का मारणं सोपं नाही का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. चांगली गाडी चालू ठेवून पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. काढताना क्रम उलटा. बॅटरी फुगलेली किंवा गळकी असेल तर केबल लावूच नका.

धक्का फक्त मॅन्युअल गाडीला : किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून वेग घ्या आणि झटकन सोडा. ऑटोमॅटिकला चालत नाही. डॅशबोर्ड पूर्ण काळा असेल तर पंप आणि ईसीयूलाच (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वीज नसते, मग ढकलणाऱ्यांना उगाच घाम.