भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स घ्यावं का? लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय

ताई, तुमचं वय ४९, भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या. शांत बसलात तरी लोक ‘चिडलात का?’ म्हणून विचारतात, लग्न तीन आठवड्यांवर आहे आणि ओळखीची पार्लरवाली स्वस्तात इंजेक्शन देते म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर : या लग्नासाठी घेऊ नका, आणि पार्लरमध्ये तर कधीच नको. सुई वाईट म्हणून मी अडवत नाहीये. मी स्वतः तीनदा घेतली आहे.

आमच्या घरात बोटॉक्स आलं ते वडिलांच्या डोळ्यांसाठी. त्यांच्या पापण्या आपोआप गच्च मिटायच्या. ब्लेफरोस्पाझम म्हणतात त्याला. नजर चांगली, पण पेपर वाचता येईना की रस्ता ओलांडता येईना. दर साडेतीन महिन्यांनी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे. पापण्यांच्या कडेला बारीक सुया टोचल्या की चार-पाच दिवसांत डोळे उघडे राहू लागायचे. अमेरिकेत या औषधाला १९८९ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती याच दुखण्यासाठी आणि तिरळेपणासाठी. त्यामागे सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांची अनेक वर्षांची मेहनत होती. सुरकुत्यांचं नंतर कळलं. कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. जीन कॅरुथर्स यांच्याकडे अशाच पापण्यांसाठी येणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, की भुवयांमध्ये टोचलं की माझा चेहरा निवांत दिसतो. डॉक्टरीणबाईंचे यजमान अ‍ॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत नेमक्या तुमच्यासारख्या आठ्यांसाठी मान्यता आली.

हे औषध कातडी भरून काढत नाही. मज्जातंतू स्नायूला ‘आवळ’ म्हणून जो निरोप देतो, तो ते अडवतं. स्नायू सैल पडतो, म्हणून वरची कातडी दुमडत नाही. तीन-चार महिन्यांत निरोप पुन्हा पोचायला लागतो आणि आठीही परत येते. म्हणून आधी आरशासमोर उभ्या राहा. मुद्दाम कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. सैल सोडल्यावर रेघ पुसली जात असेल तर गुण छान येईल. तशीच कोरलेली राहत असेल तर फिकी होईल, पूर्ण जाणार नाही. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या घड्यांना सहसा बोटॉक्स नव्हे, फिलर म्हणजे कातडीखाली भरायचं जेल देतात, आणि तो वेगळाच मामला आहे. चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी काळी पडू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ‘आलाच आहात तर तेही करून टाकू’ असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी होकार देऊ नका.

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा मी त्वचारोगतज्ज्ञांकडे घेतलं, उत्तम झालं. दुसऱ्यांदा सवलतीची जाहिरात पाहून दुसरीकडे गेले. कुपी दाखवली नाही, किती युनिट (डोसाचं माप) ते सांगितलं नाही, टोचणारी मुलगी डॉक्टर होती की नाही तेही मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी डावी पापणी अर्धी खाली आली. चांगल्या हातूनही असं कधीमधी होतं, पण तिथे फोन केला तर ‘होईल ठीक’ एवढंच उत्तर. माझ्या जुन्या डॉक्टरांनी पापणी जराशी उचलणारे थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं, की याला उतारा नाही, वाट बघायची. सहा आठवडे लागले. त्या काळात भाच्याची मुंज झाली असती तर मी गेले नसते. तुमच्या लेकीचं तर लग्न आहे! पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे काही बिघडलं तर सावरायला तुमच्याकडे आठवडाच उरतो. पहिल्यांदा घेणारीने समारंभाआधी किमान दोन-अडीच महिने हातात ठेवावेत.

चेहरा पुतळ्यासारखा होतो का, हेही विचारलंय तुम्ही. तो होतो जास्त डोसाने आणि कपाळभर टोचल्याने. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा नेहमीचा डोस पाच ठिकाणी मिळून २० युनिट. दुसऱ्या ब्रँडचं युनिट याच्याबरोबरीचं नसतं, म्हणून ब्रँड आणि युनिट दोन्ही विचारा. कुपी फ्रिजमधून काढून तुमच्यासमोर सलाईनमध्ये कालवू द्या. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल किंवा कुठलं अँटिबायोटिक चालू असेल तर आधीच सांगा. सुईनंतर चार तास आडवं व्हायचं नाही आणि तिथे चोळायचं नाही, असं मला सांगितलं होतं.

लग्न पार पडल्यावर जाणार असाल तर दिवसाउजेडी दोन फोटो काढून न्या, एक आठ्या घातलेला, एक चेहरा सैल सोडलेला. माझ्या डॉक्टरांनी ते दोन फोटो शेजारी ठेवूनच कुठे किती टोचायचं ते ठरवलं होतं.