शहरात हलकी रेल्वे आली की त्या भागाची भरभराट होते का?

मोनोरेल, ट्राम किंवा मेट्रो आली की आसपासच्या भागात पैसा येतो का, असं तुम्ही विचारलंय. येतो, पण गाडी कुठून कुठे जाते यावर सगळं ठरतं. तो पैसा कोणाच्या हाती पडतो, हे त्याहून महत्त्वाचं.

मुंबईत 2014 च्या फेब्रुवारीत चेंबूर ते वडाळा मोनो सुरू झाली आणि जूनमध्ये वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो. मोनोच्या वाटेवर खताचा कारखाना, रिफायनरी. वडाळ्याचं टोक लोकलच्या स्टेशनपासून लांब. 2019 मध्ये ती दक्षिण मुंबईतल्या सातरस्त्यापर्यंत नेली, तरी डबे रिकामेच राहिले. मेट्रो मात्र अंधेरीला पश्चिम रेल्वेला भेटते, घाटकोपरला मध्य रेल्वेला, आणि मधे चकाला, मरोळ, साकीनाका ही ऑफिसांची, कारखान्यांची वस्ती. बसने तासाहून जास्त खाणारी वाट 21 मिनिटांवर आली. डोंबिवलीच्या मुलीला मरोळची नोकरी धरता आली. माझ्या मते खरा विकास हाच.

आता दुसरी बाजू. साकीनाक्याला वडिलांचं भाड्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. 2008 नंतर मेट्रोच्या कामासाठी रस्त्यात पत्रे लागले. टेम्पो उभा करायला जागा नाही, समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक इकडे येईना. ती वर्षं आम्ही उधारीवर काढली. मेट्रो धावू लागली तेव्हा गर्दी आली, पण ती जिन्याखालच्या वडापाववाल्याकडे, मोबाइल कव्हरवाल्याकडे. पाइप आणि सिमेंट घ्यायला मेट्रोने कोण येणार? तरी पुढच्या कराराला मालकाने भाडं वाढवलं, ते मेट्रोच्याच नावाने. आम्ही असल्फ्याच्या आतल्या गल्लीत गेलो. शेजारचं दुकान पागडीचं होतं, म्हणजे जुन्या भाडेकरारातलं, ज्याचं भाडं मालकाला मनाला येईल तसं वाढवता येत नाही; ते अजून तिथेच आहे.

याचा मला आजही राग आहे. जमिनीचा भाव सरकारी खर्चाने वाढतो आणि लाभ मालकाला होतो. 2022 पासून मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत 1 टक्का मेट्रो अधिभार लागतो. तो मेट्रोपासून लांब राहणाराही भरतो. त्याऐवजी स्टेशनालगतच्या जागामालकांकडून जास्त घ्यावं आणि पत्र्यांच्या काळात भाडेकरू दुकानदारांना त्यातून भरपाई द्यावी.

तुमच्याकडे लाइन येणार असेल आणि गाळा भाड्याचा असेल, तर काम सुरू व्हायच्या आधी लांब मुदतीचा करार नोंदवून घ्या. आणि स्टेशनाचा जिना नेमका रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरणार, ते नकाशात बघा.