प्लग बदलला, फिल्टर धुतला, आता गाडी सुरू होत नाही

भाऊ, काल चालणारी गाडी आज सेल्फ फिरूनही सुरू होत नाही, म्हणजे दोष बहुतेक तुमचा हात लागला तिथेच आहे. इंजिन उघडू नका.

आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करणारं बटण) आणि पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बघा. मग प्लगची टोपी नीट दाबून बसवा, ती अर्धवट राहणं हे नेहमी सापडणारं कारण. एअर फिल्टर फोमचा असेल तर पूर्ण वाळू द्या. कागदी असेल तर तो धुवायचाच नसतो, नवीन टाका.

तरीही नाही? प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी पडत नाही. पुसून वाळवा, परत बसवा आणि चोक न लावता, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका मारा (कार्ब्युरेटरवाल्या गाडीसाठी). कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. कॉक काढला असेल तर पाइप दुमडलाय का बघा. ठिणगी तपासायची असेल तर कृपया प्लगच्या भोकाजवळ तपासू नका, पेट्रोलची वाफ पेट घेते.

बॅटरीही बघा. पाण्याची असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात, ४५ अंशांत तिचं पाणी लवकर उडतं. सेल्फ मंद फिरत असेल तर तीही मोजून घ्या, १२ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा.