आमच्या लिंबाच्या झाडावर सातभाईंच्या एकाच घरट्यात पाच पक्षी पिलांना भरवतात. हे सगळे आई-बाप कसे?

सगळे नाहीत. तुमच्या लिंबाच्या झाडावरच्या घरट्यात अंडी घातलेली जोडी बहुधा एकच आहे. बाकीचे बहुतेक करून त्याच जोडीची आधीच्या विणीतली, आता मोठी झालेली मुलं. म्हणजे पिलांचे ताई-दादा.

स्वतःचा संसार सोडून ते हे का करतात, याचं सर्वमान्य उत्तर हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९६४ साली मांडलं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं सामाईक असतात, पोटच्या पिलात असतात तेवढीच. थव्याबाहेर जागा मिळत नसेल, तर घरी राहून भावंडं वाढवणं फुकट जात नाही.

भरवताना नीट बघा. घास आला की सगळ्या चोची वर होतात. सर्वांत उंच मान काढून ओरडणाऱ्याला बहुतेक वेळा तो मिळतो. अळी थेट घशात ठेवली जाते. पिलाने गिळली नाही तर काढून शेजारच्याला. मग भरवणारा क्षणभर थांबतो, कारण पिलू वळून शी टाकतं. ती पांढऱ्या पिशवीत बांधलेली असते. मोठा पक्षी ती उचलून नेतो किंवा खाऊन टाकतो.

मदतीला हात वाढले म्हणजे पिलांना जास्त मिळतं असं मात्र नेहमीच नाही. उपासमारीने पिलं मरण्याची भीती फारशी नसेल, तर आई-बाप आपले खेटे कमी करतात आणि स्वतःची झीज वाचवतात. भीती मोठी असेल तर ते तितकेच राबतात आणि मदतनिसांचे घास जादाचे ठरतात. ऑस्ट्रेलियातल्या निळ्या फेअरी-रेन या चिमुकल्या पक्ष्याची मादी तर मदतनीस असले की अंडीच छोटी घालते. पुढे भरवायला माणसं आहेत, मग अंड्यात जीव कशाला ओता?

आळशीही असतात हो! ऑस्ट्रेलियातल्याच पांढऱ्या पंखांच्या चफ पक्ष्यांत तरुण पक्षी कधीकधी घास पिलाच्या तोंडापर्यंत नेतात आणि स्वतःच गिळतात. १९९७ च्या अभ्यासात याला फसवणूक म्हटलं गेलं. इतर पक्ष्यांवर काम करणाऱ्या काही संशोधकांना वाटतं, की पिलू खरंच भुकेलं आहे का हे पक्षी असं चाचपून बघत असावा. मला चफपुरती तरी फसवणूकच पटते, कारण त्यांना जादा खाऊ घातल्यावर हा प्रकार कमी झाला.

घरट्यात एखादं पिलू इतरांपेक्षा वेगळंच दिसलं, तर ते पावशाचं किंवा चातकाचं असू शकतं. दोघेही सातभाईंच्या घरट्यात निळीच अंडी घालतात आणि अख्खी टोळी त्या पाहुण्यालाही भरवते. चातकाचं पिलू निदान यजमानाच्या पिलांना बाहेर ढकलत नाही.

आणि फोटोसाठी फांदीजवळ जाऊ नका. पिलं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात. घाबरली तर त्याहूनही लवकर उड्या टाकतात आणि मांजराच्या तावडीत सापडतात. खिडकीतूनच बघा.